ब्रॅडफर्डचे मीरपुरी आणि लेस्टरचे गुजराती

इंग्लंडात जाऊन स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या सांपत्तिक स्थितीविषयी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यात दोन समाज वारंवार एकमेकांसमोर उभे केलेले आढळतात. आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या काश्मीरच्या मीरपूर जिल्ह्यातून निघून यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत दाखल झालेले मुसलमान शेतकरी हा त्यांतला एक. आणि युगांडा, केनिया, टांगानिका या मुलखांतून परागंदा होऊन लेस्टर शहरी उतरलेले गुजराती हा दुसरा. पहिल्याच्या वाट्याला दारिद्र्य आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला सुबत्ता, एवढे सांगून झाले म्हणजे बोलणारा सहसा थांबत नाही. उद्योगशीलता, काटकसर, धर्म, रक्त अशा कोणत्या ना कोणत्या गुणाशी तो त्या सुबत्तेची सांगड घालतो आणि एका समाजाला प्रशस्तिपत्र, तर दुसऱ्याला दूषण देऊन मोकळा होतो. हा निवाडा अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे या दोन्ही समाजांच्या वाटचालीचा मागोवा घेतल्यावाचून सांगता येणार नाही.

मीरपूरची कथा झेलम नदीच्या काठी सुरू होते. रेल्वे येण्यापूर्वी पंजाबचा माल सिंधू आणि तिच्या उपनद्यांतून होड्यांनी समुद्राकडे जात असे, आणि त्या होड्यांवर मीरपूरकडच्या डोंगराळ, कोरडवाहू मुलखातले लोक काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने तो व्यापार बुडवला, तेव्हा हे होडीवाले कराची आणि मुंबई या बंदरांकडे वळले आणि इंग्रजी आगबोटींच्या पोटात, बॉयलरच्या भट्टीत कोळसा ओढण्याचे काम त्यांनी पत्करले. ज्यांना बंदरावर ‘आगवाले’ म्हणत ते हे लोक. त्या उष्णतेत जे काम करायला गोरा खलाशी तयार नसे, ते यांच्या वाट्याला आले. त्यांतले काही जण बोटीवरून उतरून इंग्लंडच्या बंदरांत राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या कारखान्यांत मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा आतल्या शहरांकडे सरकले. ब्रॅडफर्डच्या वस्तीचे मूळ या मूठभर आगवाल्यांत आहे.

१९४८च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने राष्ट्रकुलातील प्रजाजनांना इंग्लंडात येण्याचा मुक्त अधिकार ठेवला होता. त्याच सुमारास लोकरीच्या गिरण्यांच्या मालकांपुढे पेच होता: महागडी नवी यंत्रे घ्यायची तर ती रात्रंदिवस चालवली पाहिजेत, स्त्रियांना रात्रपाळीवर ठेवण्यास कायद्याची बंदी, आणि गोरा पुरुष तर त्या पगारात रात्री यायला राजी नाही. ही रात्रपाळी मीरपुरी पुरुषांनी उचलली. पुढे १९६० साली सिंधू जलकरार झाला, झेलमवर मंगला धरण बांधायचे ठरले, आणि १९६७ साली ते पूर्ण होईपर्यंत मीरपूरचे जुने शहर आणि सुमारे २८० गावे पाण्याखाली जाऊन एक लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. नुकसानभरपाईच्या रकमेतून कित्येकांनी विलायतेच्या प्रवासाचे भाडे उभे केले. मध्यंतरी १९६२ साली इंग्लंडने परवान्याचा नियम लागू करून दार अरुंद केले, आणि त्याचा परिणाम अपेक्षेच्या नेमका उलटा झाला. आळीपाळीने येऊन चार वर्षे राबून परत जाणारे पुरुष, आता एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही या धास्तीने, तिथेच थांबले.

थांबले तरी मन तिथे नव्हते. एकेका घरात दहा-बारा पुरुष, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होई. खर्च शक्य तेवढा कमी, आणि शिल्लक पडेल ती रक्कम मीरपूरला. आज नव्या मीरपूर शहरात जी दुमजली-तिमजली पक्की घरे उभी आहेत, ती याच शिलकीतून बांधलेली आहेत. या समाजाची मिळकत इंग्लंडात होत होती आणि भांडवल झेलमकाठी गोठत होते, ही गोष्ट तुलनेच्या वेळी बहुधा कोणी विचारात घेत नाही. ब्रॅडफर्डमधील घराची मोजदाद केली आणि मीरपूरचे घर वगळले, तर हिशेब अपुरा राहतो; आणि मीरपूरचे घर धरले तरी त्यातून मुलाच्या शिक्षणाची किंवा दुकानाच्या भांडवलाची सोय होत नाही, हेही तितकेच खरे.

आता गुजरातेकडे वळू. कच्छ-काठेवाडचे व्यापारी झांजिबारच्या सुलतानाच्या अमलापासून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वखारी घालून होते. १८९६ साली मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा त्या बांधकामासाठी बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजूर, मुख्यतः पंजाबातून, करारावर नेण्यात आले. त्यांतले सुमारे अडीच हजार मेले, बहुसंख्य परतले, आणि सहा-सात हजार राहिले. परंतु रुळांमागोमाग जे आत शिरले ते व्यापारी. कच्छचे अलिदिना विश्राम यांनी किनाऱ्यापासून युगांडापर्यंत दुकानांची साखळी उभी केली. नानजी कालिदास मेहता आणि मुलजीभाई माधवानी यांनी युगांडात साखरेचे कारखाने काढले. आणि त्यांच्यामागून गुजरातेतील चरोतरचे पाटीदार रेल्वेत, कचेऱ्यांत, पेढ्यांवर रुजू झाले. १९२० पर्यंत तिथले चलन रुपया होते, आणि न्यायालयांत हिंदुस्थानचा दंडसंग्रह चालत असे. सरकारी कचेऱ्यांतील दप्तर गोव्याच्या कारकुनांच्या हाती होते, आणि कंपाला-नैरोबीच्या गोवन इन्स्टिट्यूट त्यांच्याच सांघिक जीवनाच्या खुणा. १९७२ साली युगांडातून बाहेर पडलेल्यांत हे गोमंतकीयही होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

या गुजराती लोकांनी आफ्रिकेत जे भोगले ते सुखाचे नव्हते. आडगावच्या पत्र्याच्या दुकानात हिवताप सोसत, उधारीच्या वह्या सांभाळत पहिली पिढी झिजली. परंतु त्या झिजण्याचे फळ म्हणून तिसऱ्या पिढीपाशी तीन गोष्टी आल्या: इंग्रजी शाळांतून मिळालेले शिक्षण, व्यवहाराची आणि हिशेबाची घरातली परंपरा, आणि नगरात राहण्याची सवय. गोरा वर, आफ्रिकी खाली आणि हिंदी मधे अशी जी उतरंड वसाहतीच्या कारभाराने रचली होती, तिचा लाभ त्यांना मिळाला आणि तिचाच सूड त्यांच्यावर उगवला. केनियात १९६७पासून परदेशी नागरिकांचे व्यवसाय-परवाने आवळले जाऊ लागले. इंग्लंडने १९६८च्या फेब्रुवारीत अवघ्या तीन दिवसांत कायदा मंजूर करून आपलेच पारपत्र बाळगणाऱ्या या प्रजाजनांना, बाप किंवा आजा इंग्लंडात जन्मला नाही या सबबीवर, दाराबाहेर ठेवले. मग १९७२च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याचे फर्मान निघाले आणि युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत मिळाली. दुकाने, कारखाने, मळे, घरे सारे मागे टाकून, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि अल्पशा रकमेसह सुमारे अठ्ठावीस हजार माणसे इंग्लंडात पोचली आणि रिकाम्या लष्करी छावण्यांत उतरली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळवले होते. ते आले. त्या शहरात त्यांचे नातलग होते, आणि होजिअरीचे व तयार कपड्यांचे कारखाने होते.

त्यांच्या भरभराटीचे वर्णन करताना लेस्टरच्या बेलग्रेव्ह रस्त्यावरची सराफी दुकाने आणि दिवाळीची रोषणाई यांचा उल्लेख होतो, आणि मधली दहा-पंधरा वर्षे गाळली जातात. ज्यांच्या दारी काल नोकर होते, त्या स्त्रिया शिवणयंत्रावर आणि जुळणीच्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या. १९७४ साली लेस्टरमधील इम्पीरियल टाइपरायटर्स या कारखान्यात आशियाई कामगारांनी वेतनातल्या पक्षपाताविरुद्ध संप केला आणि त्यांच्याच कामगार संघटनेने त्यांना पाठिंबा नाकारला. पुढल्या वर्षी कारखानाच बंद पडला. १९७६ ते १९७८ या दोन वर्षांत उत्तर लंडनमध्ये ग्रनविक या छायाचित्रे धुणाऱ्या कंपनीतला संप ज्यांनी चालवला त्या जयाबेन देसाई गुजरातेत जन्मलेल्या आणि टांगानिकातून आलेल्या होत्या. तो संप हरला. परंतु साडी नेसलेल्या त्या ठेंगण्या बाईंनी इंग्लंडच्या मजूर चळवळीला जे शिकवले, त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. घरात दोन पगार येऊ लागले, ही या समाजाच्या सावरण्यातली सर्वांत निर्णायक घटना होती, आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या कष्टांनी घडली.

इकडे ब्रॅडफर्डवर त्याच वर्षांत कुऱ्हाड कोसळली. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत लोकरीच्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि नेमके याच वेळी मीरपुरी पुरुषांची बायकामुले मागून येऊन पोचत होती. खाणारी तोंडे वाढली तेव्हा काम नाहीसे झाले. चाळिशी उलटलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, एकच यंत्र चालवणे माहीत असलेल्या माणसाला टॅक्सी आणि खाद्यपदार्थांचे दुकान याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. लेस्टरमध्येही होजिअरी बसली, पण तोवर तिथल्या गुजरात्यांची मुले औषधशास्त्र, हिशेबतपासणी, वैद्यक यांकडे वळली होती.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, समाजशास्त्रज्ञ तारिक मोदूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या पाहणीने हे अंतर आकड्यांत मांडले. आफ्रिकेतून आलेल्या आशियाई पुरुषांची कमाई गोऱ्या पुरुषांच्या जवळपास पोचली होती, तर पाकिस्तानी व बांगलादेशी कुटुंबांपैकी पाचांतल्या चारांहून अधिक कुटुंबे राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहून कमी उत्पन्नात भागवत होती. गंमत अशी नव्हे तर खेद असा, की त्याच गरीब पाकिस्तानी कुटुंबांत स्वतःच्या मालकीचे घर असण्याचे प्रमाण मोठे होते. ते संपन्नतेचे लक्षण नव्हते. नगरपालिकेच्या घरांसाठी वास्तव्याच्या अटी आड येत, म्हणून बिरादरीने वर्गणी काढून, गोऱ्यांनी सोडून दिलेल्या वस्तीतली जुनी, दमट, एकाला एक लागून असलेली घरे विकत घेतली होती. मालकी मोजली तर समाज सुखी दिसतो, आणि आत जाऊन खोल्या मोजल्या तर नाही.

आता मूळ प्रश्न. या दोन समाजांत एक पहिल्यांदा देशोधडीला लागला होता आणि दुसरा दुसऱ्यांदा. चरोतर किंवा कच्छचा शेतकरी आणि लेस्टरचा औषधविक्रेता यांच्या मधे आफ्रिकेतील साठ-सत्तर वर्षे उभी आहेत. नव्या मुलखात शिरताना जी पहिली पिढी खपते, ती या लोकांची युगांडात आणि केनियात खपली होती. अमीनने त्यांची मिळकत जप्त केली, पण विद्या, भाषा आणि व्यवहारज्ञान यांवर त्याला जप्ती आणता आली नाही. मीरपुऱ्यांची पहिली पिढी ब्रॅडफर्डमध्येच खपायची होती. नातवंडांशी आजोबांची तुलना करून आजोबांना मागासलेले ठरवणे हा जो प्रकार इतकी वर्षे चालला, तो शास्त्रीय नाही आणि सभ्यही नाही.

धर्माचे कारण पुढे करणाऱ्यांनी युगांडाच्या खोजा इस्माइली लोकांकडे पाहावे. तेही मुसलमानच, त्यांतले पुष्कळ कॅनडात गेले, काही इंग्लंडात राहिले, आणि त्यांची भरभराट हिंदू गुजरात्यांहून यत्किंचितही कमी नाही. तुलना करायचीच तर मीरपुऱ्यांची जालंदर दुआबातल्या शिखांशी करावी, म्हणजे दोन्हीकडे पंजाबी बोली, दोन्हीकडे शेतकरी, दोन्हीकडे कारखान्यातली मजुरी. रॉजर बॅलर्ड या अभ्यासकाने ती केली आणि अंतर तिथेही आढळले. पण त्याची कारणे अशी की दुआबाची जमीन सुपीक, शाळा आधीच पोचलेल्या, आणि शिखांनी कुटुंबे दशकभर आधी, कारखाने चालू असतानाच आणली. त्याने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले: मीरपुऱ्यांत चुलत-मावस नात्यात लग्ने होतात, त्यामुळे बिरादरीतील जोडीदार मीरपूरहून आणण्याची रीत टिकली. म्हणजे दर पिढीला आईबापांपैकी एक जण नुकताच आलेला, भाषेपासून सारे नव्याने शिकणारा. रीतीला दोष देणे सोपे आहे. परंतु धरणात गाव बुडाले असता आप्तांना जवळ आणण्याचा दुसरा कायदेशीर मार्ग सरकारने किती ठेवला होता, हेही विचारले पाहिजे.

गेल्या दोन दशकांत ब्रिटिश पाकिस्तानी मुलामुलींचे विद्यापीठात जाण्याचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या पुढे गेले आहे, आणि त्यात मुलींचा वाटा मोठा आहे. नोकरी आणि वेतन यांत ही प्रगती अद्याप पुरती उतरलेली नाही.

आणि लेस्टरचे काय? पोर्तुगीज अमलामुळे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवण्याचा हक्क गोवा, दमण आणि दीवच्या लोकांना राहिला होता. त्या पारपत्रावर दमण-दीवचे अनेक गुजरातीभाषक या शतकाच्या सुरुवातीपासून लेस्टरमध्ये येऊन राहिले. हे प्रथमच घर सोडणारे, अल्पशिक्षित, इंग्रजी तोडकेमोडके येणारे लोक. २०२० साली लेस्टरच्या कपड्यांच्या लहान कारखान्यांतील दुर्दशा चव्हाट्यावर आली, किमान वेतनाच्या निम्म्याइतकीही मजुरी हाती न पडणारे कामगार आढळले, तेव्हा तसल्या शिवणकामात राबणाऱ्यांत हे नवागतही होते. बेलग्रेव्ह रस्त्यावरच्या सराफाची आणि त्यांची भाषा एक, देवही बहुधा एकच. पण त्यांचे पगाराचे पाकीट पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्रॅडफर्डच्या गिरणीतल्या माणसाच्या पाकिटाशी अधिक जुळते.