खेळाडू नसताना सूर्य कुणासाठी उगवायचा?

ऑक्टोबर २०२४मध्ये माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमची १.२१.२ ही आवृत्ती आली. इतर नव्या गोष्टींची चर्चा झाली, पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटली ती एक छोटीशी सोय. सर्व्हरवरचा शेवटचा खेळाडू बाहेर पडून ६० सेकंद झाले, की सर्व्हर आता त्या जगाचं घड्याळच थांबवतो. पुन्हा कुणी आत आलं, की जग जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू!

आधी काय होत होतं ते पाहू. हे जग सेकंदाला २० टिकच्या तालावर चालतं. प्रत्येक टिकला सर्व्हर पुढची सगळी आकडेमोड नव्याने करतो. जगातली एक दिवस-रात्र २० मिनिटांची. मुलं रात्री आठ तास झोपली, की तेवढ्यात सर्व्हरने ५ लाख ७६ हजार टिक मोजलेले असत आणि रिकाम्या जगात २४ वेळा सूर्य उगवून मावळलेला असे. खेळाडू जिथे प्रथम अवतरतात, तिथला परिसरही कायम मेमरीत ठेवला जाई. तिथे कुणी रेडस्टोनचं, म्हणजे खेळातल्या विजेसारख्या पदार्थाचं, यंत्र बांधलेलं असेल, तर तेही रात्रभर चालू राही.

जग थांबवणं सोपं आहे. खरी मेख आहे ती योग्य वेळी, योग्य माणसासाठी जागं होण्यात. अधिकृत सोय येण्याच्या कितीतरी आधी हौशी प्रोग्रॅमरांनी हे कोडं सोडवलं होतं, तेही सर्व्हर पूर्ण बंद ठेवून. त्याच्या जागी २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, एक इवलासा प्रोग्रॅम कान देऊन बसतो. अडचण अशी, की खेळाडूने नुसती सर्व्हरची यादी उघडली तरी त्याचा संगणक प्रत्येक सर्व्हरला विचारतो, ‘तुझ्याकडे किती जण खेळताहेत?’ अशा प्रत्येक चौकशीला जाग येऊ लागली, तर झोपेला अर्थच उरणार नाही. पण येणाऱ्या पहिल्याच संदेशात एक आकडा असतो: १ म्हणजे चौकशी, २ म्हणजे प्रवेश. इवला प्रोग्रॅम १ला स्वतःच उत्तर देतो आणि २ दिसला तरच सर्व्हर सुरू करतो. इंटरनेटवर दारं ठोठावत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅमही असतात, म्हणून तो परवानगी असलेल्यांची यादीही तपासू शकतो. किती नेटकी युक्ती!

तिचं मूळ बरंच जुनं आहे. १९८६च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ‘आयनेटडी’ नावाचा प्रोग्रॅम आला. तेव्हा मेमरी फार महाग होती. टेलनेट, एफटीपी अशा प्रत्येक सेवेचा प्रोग्रॅम दिवसभर जागा ठेवणं परवडत नसे. म्हणून सगळ्यांच्या वतीने हा एकटाच ऐकत बसे आणि ज्याच्यासाठी हाक येईल त्यालाच उठवी. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि ही काटकसर मागे पडली. आता विजेच्या निमित्ताने ती परत येते आहे.

विजेचा हा हिशेब ज्याने नीट मांडला, त्या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. लुईस आंद्रे बारोसो हे मूळचे ब्राझीलचे. २००१मध्ये ते गूगलमध्ये आले. डिसेंबर २००७मध्ये त्यांनी उर्स होल्झले यांच्यासह एक छोटा लेख लिहिला. हजारो सर्व्हर तपासल्यावर त्यांना दिसलं, की बहुतेक यंत्रं बहुतेक वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करतात. आणि काहीच काम नसलेला चांगला सर्व्हरही तेव्हा कमाल विजेच्या जवळजवळ निम्मी वीज खात होता.

याच्या शेजारी त्यांनी माणसाचं शरीर ठेवलं, आणि मला ही तुलना अजून ताजी वाटते. स्वस्थ पडलेला माणूस सुमारे ७० वॉटवर जगतो. तोच माणूस नेटाने पळू लागला, की दहा-वीस मिनिटं हजार वॉटच्याही वर जातो. म्हणजे जितकं काम, तितकाच खर्च. यंत्रांनाही हे जमायला हवं, असं बारोसोंचं म्हणणं होतं.

गंमत म्हणजे झोपेच्या उपायावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. मोठ्या डेटा सेंटरमधला सर्व्हर पूर्ण रिकामा क्वचितच असतो. थोडं काम सतत येत राहतं, त्यामुळे लॅपटॉपसारखी डुलकी त्याला घेता येत नाही. माइनक्राफ्टचा खासगी सर्व्हर मात्र याला अपवाद आहे. पाच मित्र शाळेत गेले, की तिथे खरोखरच कुणी नसतं. झोपेचा उपाय इथे चपखल बसतो.

तरीही ‘हरित गेमिंग’च्या जाहिराती वाचताना जपून राहावं. घड्याळ थांबलं की प्रोसेसरची मेहनत वाचते, पण जग मेमरीत पडून असतं. मेमरी, डिस्क, नेटवर्कची उपकरणं कामाच्या प्रमाणात वीज कमी करण्यात प्रोसेसरच्या बरीच मागे आहेत, हेही त्याच लेखात होतं. खरी बचत हवी असेल, तर झोपलेलं जग डिस्कवर उतरवून त्याची मेमरी दुसऱ्याला द्यावी लागते, जागी जगं मोजक्या यंत्रांत एकत्र आणावी लागतात आणि उरलेली यंत्रं बंद करावी लागतात.

बंद करण्याऐवजी, एका देशात रात्र असताना तिथले रिकामे सर्व्हर दुसऱ्या देशाला का वापरू देऊ नयेत? प्रकाशाचा वेग आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. नुसतं जाऊन यायलाच ६५ मिलिसेकंद लागतात, आणि केबल कधीच सरळ रेषेत नसते. नेमबाजीच्या खेळात एवढा उशीर जाणवतो. म्हणून आपल्या खेळाडूंसाठी सर्व्हर जवळच लागतात आणि पहाटे रिकामे झाले, तर त्यांची सोयही इथेच लावावी लागते.

त्यासाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी चालू तासांचे पैसे घ्यावेत, महिन्याचे नव्हेत. महिन्याचं भाडं आधीच भरलेल्या माणसाला सर्व्हर झोपवण्यात काहीच फायदा दिसत नाही. घरात मुलं सर्व्हर चालवत असतील, तर आवृत्ती नवी आहे ना आणि ही सोय चालू आहे ना, एवढं त्यांना तपासायला सांगा. आणि कुणी कंपनी आपल्या सर्व्हरच्या ‘झोपे’ची जाहिरात करू लागली, तर तिला विचारा: रात्री किती यंत्रं प्रत्यक्ष बंद होती? बारोसो २०२३मध्ये गेले. त्यांनी शिकवलेला हिशेब वापरायचा, तर हा प्रश्न विचारावाच लागेल.