संशोधन अधिछात्रवृत्ती आणि क्षेत्र-अभ्यास : खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी ती होती. हे आपल्या घराघरांत माहीत आहे. परंतु याच महाराजांनी त्याच्या काही वर्षे आधी गोमंतकातील धर्मानंद कोसंबी यांनाही दरमहा ५० रुपये देऊ केले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोसंबी श्रीलंका व ब्रह्मदेशात राहून पाली शिकून आले होते. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे, एवढीच अट होती. परदेशात जाऊन तेथील भाषा, धर्म व समाज समजून घ्यायचा आणि ते ज्ञान आपल्या लोकांना द्यायचे, या कामासाठी मिळालेले ते वेतन होते. आज त्यालाच संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणता येईल.

शिष्यवृत्ती आणि अधिछात्रवृत्ती यांत फरक आहे. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी मिळते, अधिछात्रवृत्ती एम.ए.नंतर पीएच.डी.चे संशोधन करण्यासाठी दरमहा मिळते. हे कर्ज नव्हे, ते फेडावे लागत नाही.

क्षेत्र-अभ्यास म्हणजे काय?

एखादा देश किंवा देशांचा समूह घेऊन त्याची भाषा, इतिहास, राजकारण, अर्थव्यवस्था आणि समाज यांचा एकत्रित अभ्यास करणे म्हणजे क्षेत्र-अभ्यास, अर्थात एरिया स्टडीज. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा विषय वाढला. १९५८ च्या कायद्याने तेथील सरकारने परदेशी भाषा शिकणाऱ्यांना अधिछात्रवृत्त्या दिल्या. आपल्या देशात १९५५ साली दिल्लीत स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र आहे.

या विषयाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात दक्षिण आशियाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली बाबासाहेब आणि महार चळवळ या विषयावर पीएच.डी. मिळवली. त्या मराठी शिकल्या आणि कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष भेटल्या. जगातील विद्यापीठांत आपली चळवळ पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांवर अमेरिकेचे वॉल्टर स्पिंक यांनी पन्नासहून अधिक वर्षे काम केले. ती लेणी जळगावपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहेत. जगाने आपला अभ्यास केला ही चांगलीच गोष्ट झाली. आता जगाचा अभ्यास आपल्या मुलामुलींनी करावा, हे पुढचे पाऊल आहे.

बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत, १९५४ साली रंगूनला आणि १९५६ साली काठमांडूला बौद्ध परिषदांना गेले. त्या देशांतील बौद्ध समाज आज कसा जगतो, तेथे भिक्खुणी संघ पुन्हा कसा उभा राहिला, जातिभेद आहे की नाही, हे संशोधनाचे विषय आहेत. पाली येणाऱ्याला त्यात मोठीच मदत होईल. धर्माचाच विषय घ्यावा असेही नाही. रावेर-यावलची केळी आखाती देशांत जातात. त्या देशांच्या बाजारपेठेवर व तेथील भारतीय मजुरांवर केळीपट्ट्यातील विद्यार्थ्याने का लिहू नये?

मार्ग कोणता?

मुख्य दार नेट परीक्षेचे आहे. ती साधारणतः वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला एम.ए.ला ५० टक्के गुण पुरतात आणि ज्युनिअर रिसर्च फेलोशिपसाठी वयोमर्यादा ३० ऐवजी ३५ वर्षे आहे. आंतरराष्ट्रीय व क्षेत्र-अभ्यास हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, पालीसुद्धा आहे. ज्यांनी राज्यशास्त्र किंवा इतिहासात एम.ए. केले त्यांनी आपल्याच विषयात परीक्षा द्यावी आणि पीएच.डी.साठी परदेशाशी निगडित विषय निवडावा.

जानेवारी २०२३ पासून फेलोशिपचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि प्रगती समाधानकारक ठरल्यास पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये असा आहे. घरभाडे वेगळे. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती याच दराने मिळते. शिवाय पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देते. तिच्या जागा व नियम बदलत असल्याने प्रत्येक जाहिरात नीट वाचावी.

आपली मुले कोठे अडतात?

पहिली अडचण माध्यमाची. भाषाविषय सोडले तर नेटचा पेपर इंग्रजी व हिंदीतच असतो. मराठी माध्यमातून एम.ए. करणाऱ्याने पहिल्या वर्षापासूनच रोज थोडे इंग्रजी वाचन ठेवावे.

दुसरी अडचण दाखल्याची. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. मात्र दाखल्यावर केवळ 'नवबौद्ध' असे लिहिलेले असेल तर केंद्राच्या कामी अडचण येते. मूळ जात आणि बौद्ध धर्म या दोहोंची नोंद असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेळेवर काढावा. जात वैधता प्रमाणपत्रही तयार ठेवावे. अर्जाची मुदत संपायला आठ दिवस उरले असता तहसील कचेरीत धावाधाव करून उपयोग होत नाही.

तिसरी अडचण पैशांची. अधिछात्रवृत्ती मंजूर झाली तरी रक्कम हाती पडायला काही वेळा कित्येक महिने लागतात. तेवढ्या काळात खोलीभाडे व खानावळ भागवता न आल्याने गरीब घरचा विद्यार्थी संशोधन सोडून नोकरी धरतो. येथे समाजाने उभे राहावे. सभासदांच्या वर्गणीतून छोटा फिरता निधी ठेवला आणि रक्कम मिळताच विद्यार्थ्याने ती परत केली, तर एकाच पैशातून अनेक जण पुढे जातील.

विद्यार्थ्यांनी स्वतः काय करावे?

एम.ए.च्या पहिल्या वर्षी विषय आणि देश ठरवावा. दुसऱ्या वर्षी नेट द्यावी. त्या देशाची भाषा शिकायला आरंभ करावा. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाल्यापासून पीएच.डी.साठी खानदेशच्या विद्यार्थ्याला पुण्याची वाट धरावीच लागते असे नाही. पण आपल्या विषयाचा मार्गदर्शक मिळेल तेथे, मग ते मुंबई असो वा दिल्ली, जाण्याची तयारी हवी. मुलींच्या पालकांनी तर ही तयारी आवर्जून दाखवावी.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी त्या दिवशी आपण तेथे मोठ्या संख्येने जमतो. अभिवादनाच्या त्याच ठिकाणी एक टेबल मांडावे, त्यावर नेटचे अर्ज, दाखल्यांचा नमुना व अधिछात्रवृत्त्यांची माहिती ठेवावी, आणि एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला तेथे बसवावे. त्या गर्दीतील एखाद्या मुलीने किंवा मुलाने ती माहिती घरी नेली, तरी त्या दिवसाचे सार्थक होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!