फारखतीचा कागद

'फारखत' हा शब्द आपल्याकडे आता नवरा-बायकोच्या काडीमोडापुरता उरला आहे. मूळचा तो दप्तरातला शब्द. देणेघेणे फिटले, यापुढे एकाचा दुसऱ्यावर दावा राहिला नाही, असे लिहून दिलेला कागद म्हणजे फारखत. एखाद्या देशाने किंवा प्रांताने मोठ्या संघातून बाहेर पडावे की नाही, हा वाद जेव्हा निघतो तेव्हा व्यासपीठावर भाषा, अभिमान, अन्याय हे शब्द मोठ्याने उच्चारले जातात. हा कागद मात्र सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. आम्ही येथे त्या कागदाविषयीच लिहिणार आहोत.

इंग्लंडचे उदाहरण ताजे आहे. युरोपीय संघात राहावे की तो सोडावा, यावर तेथे २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. सुमारे ५२ टक्के लोक सोडण्याच्या बाजूचे निघाले, ४८ टक्के राहण्याच्या. मतपत्रिकेवर उत्तरे दोनच होती. सोडायचे तर कोणत्या अटींवर, हे तिच्यावर नव्हते. परिणाम असा झाला की प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडले आणि तोवर दोन पंतप्रधानांना खुर्ची सोडावी लागली. सर्वांत अवघड गाठ पडली ती आयर्लंडच्या बेटावर. उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडणार, दक्षिणेचे आयर्लंड संघातच राहणार. मग मधल्या रस्त्यावर जकातीचा नाका बसवायचा की नाही? लंडनच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न नवा वाटला असेल. धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला तो समजावून सांगावा लागला नसता.

कारण असा नाका आपल्या दाराशीच होता. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात आणि शेजारचे बार्शी-सोलापूर इंग्रजी मुलखात. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत व येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर किमतीच्या शेकडा पाच या हिशोबाने जकात बसे. नाणेही वेगळे. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सात हालीचे सहा कलदार. सोलापूरच्या गिरणीत राबणारा आमच्याकडचा माणूस कलदारात पगार घेई आणि गावी सावकाराचे देणे हालीत फेडी. लातूरच्या बाजारपेठेचा माल बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या डब्यांतून सरहद्द ओलांडून कुर्डुवाडीला जाई. म्हणजे राज्य हैदराबादचे, परंतु पोटाची वाट सोलापूरकडे. ही गोष्ट पुढच्या सर्व वादाच्या मुळाशी आहे, ती ध्यानात ठेवावी.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे. त्यांत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी, काही कानडी, बाकीचे तेलुगू. राज्यकारभार उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दू. शेतकऱ्याच्या मुलाला मामलेदार कचेरीतला कागद वाचायचा तर आधी परकी लिपी शिकावी लागे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. तो कोणत्याच बाजूने समाधानाने पाळला गेला नाही. रझाकारांचा जुलूम वाढला, गावेच्या गावे सोलापूर जिल्ह्यात आसऱ्याला गेली, सरहद्दीवर तरुणांचे कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या. पहिली लढाई आपल्याच नळदुर्गाला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, म्हणून पुढची वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबरला निजामाने हात टेकले.

हा दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो करावाच. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात जे घडले, तेही मुक्तिदिनाच्या भाषणात आले पाहिजे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल केला. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते, असे त्या समितीने नमूद केले. अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. रझाकारांनी मारले तोही गरीब आणि नंतर मेला तोही बहुधा विणकर, शेतमजूर, छोटा दुकानदार. संघात राहावे की जावे, हा निर्णय त्याला कोणीच विचारला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. भारतात सामील झाल्यावर हैदराबाद हे एक राज्य म्हणून कायम राहिले, आणि दुसरा वाद उभा राहिला: मराठवाड्याने हैदराबाद सोडावे की नाही? आज आपल्याला वाटते की हे आपोआपच व्हायचे होते. तसे मुळीच नव्हते. पंडित नेहरूंना हैदराबादचे तुकडे पडणे पसंत नव्हते. निरनिराळ्या भाषांची माणसे एकत्र नांदतात असे ते राज्य, ते मोडू नये असे त्यांचे मत होते. शिवाय एक रोकडा मुद्दाही होता. हैदराबाद शहरातील हायकोर्ट, इस्पितळे, विद्यापीठ, मोठाल्या इमारती या सोळाही जिल्ह्यांच्या वसुलातून उभ्या राहिल्या. त्यात मराठवाड्याचा कापूस व गळिताची धान्ये यांचाही घाम होता. थोरल्या घरातून धाकट्याने चालते व्हायचे, तर भिंतीत घातलेले पैसे कसे मागायचे?

विभाजनाची बाजू स्वामी रामानंद तीर्थ यांनी लावून धरली. स्वामीजी आपल्या जिल्ह्याला परके नव्हते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुलांना शिकवले, आणि त्याआधी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीचे कामही केले होते. (आम्हा युनियनवाल्यांना हे सांगताना थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा.) त्यांचे म्हणणे असे की, लोकांच्या भाषेत कारभार झाल्याशिवाय लोकशाही खेड्यापर्यंत पोचणार नाही, आणि संस्थानी चौकट मोडल्याशिवाय सरंजामशाही मोडणार नाही. हे म्हणणे योग्यच होते असे आम्ही मानतो. ज्या कचेरीत मजुराला आपल्या बोलीत तक्रार सांगता येत नाही, तेथे त्याला न्याय मिळत नाही, हे आम्ही रोज पाहिले आहे.

तिसरे एक मत होते, ते आज फारसे कोणाला आठवत नाही. १९५५ साली डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर जे पुस्तक लिहिले त्यात एक भाषा म्हणजे एकच राज्य, हे सूत्र त्यांनी नाकारले. मराठी मुलखाची चार राज्ये करावी असे त्यांनी सुचवले; त्यांतल्या मध्य महाराष्ट्रात मराठवाड्याबरोबर खानदेश, नाशिक, नगर हे भाग घातले होते. त्यांची भीती दोन प्रकारची होती. मोठ्या राज्यात मागास भाग मागेच राहील, आणि एका भाषेच्या राज्यात एका मोठ्या जातीचा वरचष्मा होऊन लहान जातींना दाद मिळणार नाही. त्यांच्या योजनेशी सहमत व्हावे की न व्हावे. पण निघण्याआधी हिशोब मांडणारे पुस्तक हेच होते.

फाजल अली आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ अखेर आला. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात जावा आणि तेलंगण काही वर्षे वेगळे हैदराबाद राज्य म्हणून राहावे, असे आयोगाने म्हटले. दुसरी सूचना टिकली नाही, पहिली टिकली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. आपल्या जिल्ह्याला बीदरमधून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मिळाले. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा निघाला तेव्हा ते तिकडे गेले. भालकी मात्र म्हैसूर राज्यात राहिली. रेघ ओढली की कोणीतरी तिच्या पलीकडे राहतेच.

आणि भिंतीतले पैसे? राज्य पुनर्रचना कायद्याने नियम घातला की, जमीन, इमारती व सामानसुमान ज्या राज्याच्या हद्दीत असेल ते त्या राज्याचे. वाचायला नियम सरळ आहे. परंतु जे काही मोठे होते ते हैदराबाद शहरात होते, म्हणून ते आंध्र प्रदेशाकडे गेले. मराठवाड्याच्या वाट्याला मराठवाड्याच्या मातीवर जे उभे होते ते आले, आणि मातीवर फारच थोडे उभे होते. विद्यापीठ औरंगाबादेला १९५८ साली नव्याने काढावे लागले. हायकोर्टासाठी लोकांना मुंबई गाठावी लागली. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ साली सुरू झाले. त्याच कायद्यात सरकारी नोकरांसाठी मात्र एक कलम होते: त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा रीतीने केंद्राच्या संमतीवाचून बदलता येणार नाहीत. कारकुनाच्या हाती निदान एवढे कलम होते. शेतकऱ्याच्या, हमालाच्या, विणकराच्या हाती काय होते?

त्यांच्यासाठी होता नागपूर करार. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा यांच्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. मराठवाड्याच्या वतीने सही करणाऱ्यांत देवीसिंह चौहान होते. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नोकऱ्या, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, असे त्यात लिहिले होते. कागद वाईट नव्हता. पण कामगार चळवळीत वर्षे घालवलेल्या माणसाला त्यातली उणीव चटकन दिसते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ लागू होता तेव्हा त्याखाली आम्ही करार करीत होतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार मालकाला बांधी आणि मोडला तर तो गुन्हा ठरे. ज्या करारात 'मोडल्यास काय' हे कलम नाही, त्याला आमच्याकडे शुभेच्छापत्र म्हणतात. नागपूर करार मोडला तर दाद कोणाकडे मागायची, हे त्यात नव्हते. १९५६ साली राज्यघटनेत कलम ३७१ (२) आले, पण तेही राष्ट्रपती राज्यपालांवर विकास मंडळांची जबाबदारी टाकू 'शकतील' असे. ती मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले. अडतीस वर्षे! त्याआधी दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, तो मराठवाड्यापुरता सुमारे ७५० कोटी रुपये भरला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मराठवाडा बिनशर्त आला, असे अभिमानाने सांगितले जाते. त्या पिढीच्या त्यागाविषयी आम्हाला आदरच आहे. पण संप मागे घेताना बिनशर्त मागे घेतला, असे सांगणाऱ्या युनियनवर पुढच्या वर्षी कामगार विश्वास ठेवीत नाहीत. शर्त घालणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. आणि नुसती शर्तही पुरत नाही, हे तेलंगणाने दाखवले. २० फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी आंध्रच्या पुढाऱ्यांकडून नोकऱ्या, शिक्षण, खर्च यांविषयी लेखी घेतले होते. तोही करार अमलात आला नाही, म्हणून १९६९ साली आंदोलन पेटले आणि अखेर २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले.

सोडलेले घर सुटत नाही, त्याचीही एक गंमत पाहा. मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीवरून २०२३ साली निजामकालीन नोंदी शोधायला अधिकारी हैदराबादपर्यंत गेले, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारला हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा निर्णय काढावा लागला. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये निजामाच्या नावावरून धाराशिवावर आले. दप्तर मात्र अजून जुन्या राजधानीत.

आता तिसरा वाद अधूनमधून निघतो तो महाराष्ट्र सोडण्याचा. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी मराठवाडा वेगळा करण्याविषयी बोलून दाखवले आणि त्यावरून गदारोळ होऊन त्यांनी राजीनामा दिला. ही मागणी करणाऱ्याला आम्ही देशद्रोही किंवा महाराष्ट्रद्रोही म्हणणार नाही. अनुशेषाचे आकडे त्याच्या बाजूला आहेत. आम्ही त्याला फक्त पाण्याचे विचारू. धाराशिव शहराला पिण्याचे पाणी उजनीहून येते आणि उजनीचे धरण सोलापूर जिल्ह्यात आहे. जायकवाडी भरते ती नाशिक-नगरची धरणे खाली पाणी सोडतात तेव्हा. आज हे भांडण एका राज्यातले आहे. २००५ च्या कायद्याने नेमलेले जलसंपत्ती प्राधिकरण आणि हायकोर्ट त्यात आदेश देऊ शकतात. उद्या मध्ये राज्याची सरहद्द आली की तेच भांडण आंतरराज्य होईल आणि लवादापुढे जाईल. कृष्णेचा पहिला लवाद १९६९ साली नेमला, त्याचा शेवटचा शब्द १९७६ साली आला. दुसरा २००४ साली नेमला, त्याच्या निवाड्यावरचे वाद दशक उलटूनही मिटले नव्हते. तेवढी वर्षे धाराशिवच्या नळाला कोणत्या कराराने पाणी सोडायचे आणि तो मोडला तर कोणाकडे जायचे, हे कलम लिहिलेले मागणीपत्र अजून आमच्या पाहण्यात आलेले नाही.