६१७४ ची गंमत

मित्रांनो, देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेली गंमत मी सांगतो. चार अंक घ्या. चारही सारखे नकोत. त्यांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले, तर आधी शून्य मांडा.

मी १२३४ घेतले :
४३२१ − १२३४ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे? ७६४१ − १४६७, पुन्हा ६१७४च! कोणतेही अंक घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. नाही आले तर कुठेतरी चुकले समजा, बहुतेक हातचाच!

आईबाबांनो, तुम्ही शाळेत गेला नसाल तरी आमची चूक तुम्हालाही पकडता येईल. कळमेश्वरच्या बाजारातून येताना चार अंक मनात धरा अन् घरी आम्हाला द्या.