दहा हजार लिटरांत २०० मिलिग्रॅम

उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. त्यात २०० मिलिग्रॅम पूड, म्हणजे तापाच्या ५००च्या गोळीचा निम्म्याहूनही कमी तुकडा कुटून टाकला आणि ढवळला, तर पाण्यात त्याचं जे प्रमाण होईल, तेवढं ‘ड’ जीवनसत्त्व मुलाच्या रक्तद्रवात सापडलं की डॉक्टर निर्धास्त होतात. लॅबच्या कागदावर ते ‘मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम’ असं छापून येतं. टँकरमध्ये १२० मिलिग्रॅमपेक्षाही कमी निघालं, तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या व्याख्येनुसार ती कमतरता. मधल्या ८० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात जे मूल येतं ते पुरतं कमतरतेतही नाही आणि पुरेशातही नाही. ही पट्टी लक्षात ठेवावी, कारण पुढचे बरेच मोठे आकडे तिच्यातच अडकलेले आहेत.

आणि हा झाला नुसता साठा. लॅब जे मोजते ते यकृतातून बाहेर पडलेलं रूप, दोन-तीन आठवडे रक्तात टिकणारं. आतड्यातून कॅल्शियम ओढून घेण्याचं काम करतं ते मूत्रपिंडात तयार होणारं पुढचं रूप, आणि ते या साठ्याच्या साधारण पाचशेव्या हिश्शाएवढं असतं. आपल्या टँकरमध्ये त्याचे ०.४ मिलिग्रॅम भरतील. तरी रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये त्याचे सुमारे ५,८०० कोटी रेणू फिरत असतात. वजनात नगण्य, संख्येत अफाट, असा हा मामला आहे.

आता रुग्णालयात जाऊ. अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात ५११ मुलांचं रक्त तपासलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४० टक्के मुलं २०च्या रेषेखाली होती. त्याच वर्षी कॅनडातल्या सहा बाल-अतिदक्षता विभागांतल्या ३२६ मुलांचा हिशेब आला : ६९ टक्के. दिल्लीतल्या १०१ मुलांच्या पाहणीत, २०१६ साली, ७४ टक्के. २०१९ मध्ये जगभरातले ५२ अभ्यास एकत्र करून आजारी मुलांचा ताळेबंद मांडला गेला तेव्हा ७,४३४ मुलांमधून सरासरी ५४.६ टक्के असा आकडा निघाला. म्हणजे गंभीर आजारी मुलांच्या वॉर्डात एकाआड एक खाटेवरचं मूल या रेषेखाली. शिवाय रेषेखालच्या मुलांत मृत्यूचं प्रमाणही जास्त दिसलं. इथवर वाचून कुणालाही वाटेल की मोठं घबाड हाती लागलं : बाटली उघडा, थेंब द्या, मुलं वाचवा.

एवढं सोपं ते नाही, आणि का नाही हे कॅनडातल्याच दुसऱ्या एका आकड्यात दिसतं. ओटावात जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ५८ मुलांचं ‘ड’ शस्त्रक्रियेआधी आणि नंतर लगेच मोजलं. आधी ४२ टक्के मुलं कमतरतेत होती. ऑपरेशन थिएटरमधून अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत ८६ टक्के. आपल्या टँकरच्या भाषेत सरासरी सुमारे २३० मिलिग्रॅमवरून १४०च्या खाली, तेही काही तासांत. इतक्या वेळात कुणाचा आहार बिघडत नाही, की ऊन कमी पडत नाही. पाच किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी ४०० मिलिलिटर. हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या भरायलाच काहीशे मिलिलिटर द्रव लागतो. टँकरमध्ये पाणी वाढवलं की पूड पातळ होणारच.

शस्त्रक्रिया नसली तरी हेच घडतं. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या मुलाला पहिल्या तासात किलोमागे ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत सलाईन जाऊ शकतं, आणि मुलाचं स्वतःचं रक्त असतं किलोमागे ८० मिलिलिटर. त्यात भर म्हणजे हे जीवनसत्त्व रक्तात मोकळं फिरतच नाही, जवळपास सगळं एका प्रथिनाला चिकटून असतं. गंभीर आजारात रक्तवाहिन्या झिरपू लागतात, ते प्रथिन घटतं आणि त्याच्याबरोबर लॅबचा आकडाही. तेव्हा ५४.६ टक्क्यांतली किती मुलं कमतरता घेऊन दवाखान्यात आली आणि किती जणांची दवाखान्यात आल्यावर ‘झाली’, हे त्या एका आकड्यावरून काढता येत नाही. माझ्या मते या विषयावरच्या निम्म्या बातम्या इथेच घसरतात.

मग देऊन पाहिलं तर? तेही झालंय, आणि थोडंथोडकं नाही. काबूलमध्ये वर्षाच्या आतल्या ३,०४६ बाळांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिटचा डोस दीड वर्ष दिला गेला. न्युमोनिया काही कमी झाला नाही. दिल्लीत दिवस पूर्ण भरून पण कमी वजनाची जन्मलेली २,०७९ बाळं घेतली, अर्ध्यांना सहा महिने आठवड्याला १,४०० युनिट पाजलं. बाळांची वाढ थोडी सुधारली. मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणं तेवढंच राहिलं. अमेरिकेत अतिदक्षता विभागाच्या उंबरठ्यावरच्या हजारावर प्रौढ रुग्णांवर ५,४०,००० युनिटचा एकच दणका देऊन पाहिला. ९० दिवसांत औषध घेतलेल्यांतले २३.५ टक्के दगावले, न घेतलेल्यांतले २०.६. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायद्याच्या बाजूला तो खासच नाही.

इतक्या हजारांनंतर १६ हा आकडा किरकोळ वाटेल. लंडन आणि आसपासच्या भागात २००० ते २००६ या काळात १६ तान्ही मुलं हृदय निकामी होऊन बालहृदयरोग विभागांत आली. सहा भारतीय उपखंडातल्या कुटुंबांतली, दहा कृष्णवर्णीय. सगळी अंगावर पिणारी, बहुतेक इंग्लंडचा हिवाळा संपता संपता आलेली. रक्तातलं कॅल्शियम तळाला गेलेलं, कारण ‘ड’ जवळजवळ संपलेलं. आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा स्नायू आवळत नाही. आठ जणांना व्हेंटिलेटर लागला, सहा जणांचं हृदय बंद पडलं, तिघं गेली. उरलेल्यांना कॅल्शियम आणि ‘ड’ मिळालं आणि त्यांची हृदयं हळूहळू, साधारण वर्षभरात, पूर्ववत झाली. इथे आधी काय आणि नंतर काय हा प्रश्नच उरत नाही. ७,४३४ मुलांनी जे नक्की सांगितलं नाही ते या १६ जणांनी सांगितलं : तळ गाठलेल्या बाळाला हे जीवनसत्त्व खरोखर मारू शकतं आणि तारूही शकतं. काठावरच्या मुलाला मात्र त्याने फारसा फरक पडल्याचं कुणाला दाखवता आलेलं नाही.

बाळ तळाला जातं कसं, याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. आईच्या दुधात बाकी सगळं असतं, पण ‘ड’ लिटरला धरून चालू ४० युनिट. बाळाची रोजची गरज ४००. म्हणजे नुसत्या दुधावर भागवायचं तर रोज दहा लिटर प्यावं लागेल, आणि बाळ पितं पाऊण लिटर. बाकीचं उन्हावर सोपवलेलं. पण कातडीत ‘ड’ घडवणारे किरण अतिनील प्रकाशातला जेमतेम पाच टक्क्यांचा वाटा, खिडकीच्या काचेतून आत न येणारा, सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हात जवळजवळ नसलेला. कोवळ्या उन्हात बाळाला शेकायची आपली पद्धत प्रेमळ आहे, पण या हिशेबात तिला गुण कमीच मिळतात. त्यात हवा. दिल्लीचं मोरी गेट आणि शेजारचं गुडगाव, अक्षांश जवळपास तोच, सूर्य तोच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रदूषित मोरी गेटच्या लहानग्यांची सरासरी १२.४ नॅनोग्रॅम भरली, त्यामानाने स्वच्छ हवेतल्या गुडगावच्या लहानग्यांची २७.१.

देशभराचा आकडा २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मिळतो : एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के कमतरतेत, पाच ते नऊमध्ये १८, पुढच्या किशोरांत २४. ही टक्केवारी १२च्या कडक रेषेवरची आहे, म्हणून वॉर्डातल्या ५४शी तिची थेट तुलना करू नये. तरीही एक ते चार वयाची मुलं नऊ कोटींच्या आसपास धरली, तर सव्वा कोटी भरतात.

त्यावरचा उपाय मात्र वजनात हास्यास्पद छोटा आहे. ४०० युनिट म्हणजे दहा मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये एक लाख दिवस निघतात, २७३ वर्षांहून जास्त. भारतात वर्षाला जन्मणारी बाळं २ कोटी ४० लाख धरली आणि प्रत्येकाला पहिलं वर्षभर रोज थेंब द्यायचे म्हटले, तर शुद्ध ‘ड’ लागेल ८८ किलो. अख्ख्या देशाचा वर्षाचा माल एका रिक्षात मावेल.

हीच लहान मापं उलटतातही. मोठ्यांची आठवड्याला घ्यायची ६० हजारांची पुडी म्हणजे तान्ह्या बाळाचे १५० दिवस एका घोटात. आपल्याकडच्या थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरला ४०० युनिट असतं, काहींत ८००. अमेरिकेत मात्र एका थेंबातच ४०० असणाऱ्या तेलकट बाटल्याही मिळतात, आणि सुट्टीवर येणारे मामा-मावश्या त्या हौसेने बॅगेतून आणतात. त्यातलं औषध इथल्या सवयीने ड्रॉपर भरून एक मिलिलिटर पाजलं, तर बाळाच्या पोटात एकाच वेळी बारा-चौदा हजार युनिट जातं. असं रोज चाललं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, बाळ ओकतं, सुस्तावतं, मूत्रपिंडांवर येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० सालीच ड्रॉपरमधून जादा डोस जाण्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. बाटली कुठलीही असो, ४०० हा आकडा मिलिलिटरचा की थेंबाचा, हे लेबलवर त्याच्या शेजारीच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.