पोटाचें अस्तर आणि आपलीं मुळें-सालीं

आंतड्याच्या पोकळींतील अन्न व जंतु एका बाजूस, आपलें रक्त दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें पेशींचा अवघा एक थर व त्यावर चिकट श्लेष्म्याचा लेप. एवढ्याच पडद्यावर मनुष्याचें आरोग्य अवलंबून आहे. जठरांतील आम्ल जस्तास विरघळवील इतकें तीव्र. तें जठरासच खात नाहीं याचें कारण इतकेंच कीं, तेथील पेशी हा लेप अहोरात्र निर्माण करीत असतात व थोड्याच दिवसांत झिजून नव्या पेशींस जागा देतात. ही डागडुजी थांबली कीं दाह होतो, दाहाचा व्रण होतो, आणि व्रणांतून रक्त जाऊं लागतें. या दाहावर वनस्पतींत कांहीं उपाय आहे काय, हा प्रश्न नांदेड व लातूर येथील रहिवाशांस इतरांहून अधिक जवळचा आहे. हळदीचीं पोतीं आपल्या मोंढ्यांत, कुड्याचीं झाडें किनवटच्या रानांत, वैद्यक शिकविणारीं महाविद्यालयें दोन्ही शहरांत. जें नाहीं तें पुढें सांगूं.

प्रथम अस्तर बिघडतें कशानें तें पाहिलें पाहिजे. तिखटास दोष देऊन मोकळें होण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु मोठे अपराधी दुसरेच आहेत. ऑस्ट्रेलियांत बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनीं जठरांत वास करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु इ. स. १९८२ मध्यें प्रयोगशाळेंत वाढविला. विद्वानांचा विश्वास बसेना, तेव्हां मार्शल यांनीं इ. स. १९८४ मध्यें तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. इ. स. २००५ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळालें. हा जंतु जेथें व्रणास कारण असेल तेथें त्यावर ठराविक औषधांचा दोन आठवड्यांचा उपचार आहे, आणि त्यास पर्याय म्हणून कोणतीही मुळी पुढें करणें हें रोग्याशीं अप्रामाणिकपणाचें आहे.

दुसरा अपराधी आपण खिशांत बाळगतों. नव्या मोंढ्यांत पोतीं वाहणारा हमाल, मांजरेच्या कांठीं ऊस तोडणारी मजूर बाई, गुडघ्यांनीं बेजार झालेली घरची म्हातारी, या सर्वांचें दुखणें डायक्लोफेनॅकच्या गोळीनें थांबतें. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नये असा नियम आहे; तो कसा पाळला जातो हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. जॉन व्हेन यांनीं इ. स. १९७१ मध्यें दाखविलें कीं, ॲस्पिरिनसारखीं औषधें शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन हें द्रव्य तयार होऊं देत नाहींत. वेदना त्यामुळेंच थांबते, आणि श्लेष्म्याचा लेपही त्यामुळेंच पातळ होतो. कारण तो लेप राखण्याचें काम त्याच द्रव्याकडे असतें. म्हणजे गुडघ्याचें दुःख पोटाच्या खात्यावर टाकलें जातें. त्यांत कित्येक जण या गोळ्यांस भिऊन 'निव्वळ जडीबुटी'च्या सांधेदुखीच्या पुड्या घेतात, आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत पुष्कळ आहेत! आगींतून फुफाट्यांत म्हणतात तें हेंच.

आतां वनस्पतींकडे वळूं. ज्येष्ठमधाची हकीकत यांत सर्वांत बोधप्रद आहे. हॉलंडांत हेरेनवेन या गांवीं एक औषधविक्रेता ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क विकीत असे आणि त्यानें पोटाच्या व्रणाचे रोगी बरे होतात अशी त्याची ख्याति होती. रेव्हर्स नांवाच्या डॉक्टरांनीं ही गोष्ट थट्टेवारी नेली नाहीं, किंवा ऐकीव म्हणून डोक्यावरही घेतली नाहीं. त्यांनीं आपल्या रोग्यांस तो अर्क देऊन पाहिला व इ. स. १९४६ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, व्रणाचें दुखणें हटतें खरें, पण सुमारें पांचांत एका रोग्याच्या तोंडावर व हातापायांवर सूज येते. गुणाबरोबर दोषही त्यांनीं लिहून ठेविला, म्हणूनच पुढचें काम झालें. ज्येष्ठमधांतील ग्लिसिरायझिन हें द्रव्य शरीरांत मीठ व पाणी धरून ठेवतें, पोटॅशियम घालवितें आणि रक्तदाब चढवितें, असें निष्पन्न झालें. इंग्लंडांत त्यापासूनच कार्बेनोक्सोलोन हें व्रणावरील औषध निघालें व इ. स. १९६० नंतर कित्येक वर्षें तें वापरांत होतें. पुढें आम्ल कमी करणारीं अधिक निर्धोक औषधें आल्यावर तें मागें पडलें. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ज्येष्ठमधाच्या कांड्या आजही मिळतात. घसा बसला म्हणून एखादी कांडी चघळणें वेगळें, आणि रक्तदाबाच्या रोग्यानें महिनोन् महिने चूर्णाच्या फक्क्या मारणें वेगळें. हा भेद गिऱ्हाइकास सांगणें दुकानदारास अवघड नाहीं.

हळदीचा विषय आमच्या व्यापारी बंधूंच्या विशेष जिव्हाळ्याचा. नांदेड व हिंगोली हे हळदीचे जिल्हे, आणि वसमतच्या हळदीस इ. स. २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. हळदींतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याची परीक्षा मात्र इतरांनीं केली. मोठ्या आंतड्याच्या जुनाट व्रणयुक्त दाहाच्या ८९ रोग्यांवर जपानांत प्रयोग झाला व तो इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. नेहमींचें औषध सर्वांचें चालूच होतें. त्याच्या जोडीस कांहींस रोज २ ग्रॅम कर्क्युमिन व कांहींस नुसती बनावट पुडी सहा महिने दिली. कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ जणांपैकीं २ जणांचा, तर बनावट पुडी घेणाऱ्या ३९ पैकीं ८ जणांचा रोग उलटला. थायलंडांत अपचनाच्या २०६ रोग्यांवर झालेला दुसरा प्रयोग इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत कर्क्युमिन हें ओमेप्राझोल या प्रचलित औषधाच्या जवळजवळ बरोबरीचें ठरलें. प्रयोग लहान आहेत, पण ते माणसांवरचे आहेत.

तथापि यावरून 'दुधांत चिमूटभर हळद घातली कीं झालें' असें समजणाऱ्यांनीं साधा हिशेब करावा. हळदींत कर्क्युमिन शेंकडा ३ धरलें तर २ ग्रॅमसाठीं रोज सुमारें ६५ ग्रॅम, म्हणजे साडेपांच तोळ्यांहून अधिक हळद खावी लागेल! उलट, मिऱ्याचें सत्त्व घालून तीव्र केलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनीं कांहीं लोकांच्या यकृतास इजा झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें आहे. तेव्हां स्वयंपाकघरांतील हळद ही मसाला म्हणून उत्तम; औषध म्हणून घ्यावयाची ती मोजून व वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. आणखी एक गोष्ट बाजाराविषयीं. हळकुंडाचा सौदा बहुतांशीं रंगरूपावर होतो, आणि रंगाच्या या मोहांतूनच बांगलादेशांत हळदीस लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोपडण्याचा घातकी धंदा माजला होता. आपल्या बाजारसमित्यांनीं मालाबरोबर कर्क्युमिनचें प्रमाण व शिशाचा अभाव यांचा दाखला देण्याची प्रथा पाडली, तर औषधी कारखाने याच मालास अधिक भाव देतील.

ईसबगोलाविषयीं थोडक्यांत सांगतां येतें. स्पेनमध्यें त्याच जुनाट दाहाच्या १०५ रोग्यांवर वर्षभर केलेला प्रयोग इ. स. १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ईसबगोलाचें बीं व मेसालामीन हें औषध यांच्या गुणांत ठळक अंतर दिसलें नाहीं. हें बीं आंतड्यांत आंबतें तेव्हां ब्युटिरेट हें द्रव्य तयार होतें, आणि तें तेथील अस्तराच्या पेशींचें मुख्य अन्न आहे. भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास ही वस्तु निर्धोक, स्वस्त व घरोघर परिचित. तीस जाहिरातदार नाहीं, म्हणून तिची कदर नाहीं.

आणि कुडा? अतिसार व रक्ती आंव यांवर कुड्याची साल आणि कच्च्या बेलफळाचा गर हे उपाय आयुर्वेदांत फार जुने. कुटजारिष्ट वैद्यांच्या दुकानांत सर्वत्र मिळतें. पण जपानांत हळदीची झाली तशी कुड्याची परीक्षा कोण करणार? परक्या देशास त्याची गरज नाहीं. आपल्या औषधनिर्माण महाविद्यालयांतून प्रबंधांचे ढीग निघतात; त्यांत बहुधा उंदरास इंडोमेथासीन पाजून व्रण पाडावा, त्यास एखाद्या पानाचा अर्क द्यावा, आणि व्रण कमी झाला असें लिहून पदवी घ्यावी, एवढेंच. उंदीर बरा झाला. हमाल होता तेथेंच राहिला.

येथें वैद्य म्हणतील कीं, हजारों वर्षांच्या अनुभवास नव्या परीक्षेची जरूर काय? डॉक्टर म्हणतील कीं, हा पाला तपासण्यास वेळ कोणास आहे? आमच्या मतें दोघेही आपापली सोय पाहतात. पोटाचे व्रण बरे करण्याच्या जाहिरातीस इ. स. १९५४ च्या कायद्यानें मनाई असतां तशा जाहिराती चालतात, त्या या दोघांच्या मौनावर. दरम्यान काळा शौच होणारा, रक्ताची उलटी झालेला, विनाकारण वजन उतरलेला रोगी महिना महिना काढे पीत बसतो, आणि आंतड्याचा क्षय किंवा जठराचा कर्करोग तोंवर थांबून राहत नाहीं. अशा रोग्यानें त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. त्याच्यासाठीं घरगुती उपाय नाहींतच.

नांदेड येथें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि इ. स. १९९४ मध्यें स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. या चौघांनीं मिळून पहिली परीक्षा कुड्याची घ्यावी. पांढऱ्या कुड्याच्या सालींत काळ्या कुड्याची साल मिसळून येते, ही भेसळ व्यापारांत जुनीच. तेव्हां विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं किनवटची साल पारखून द्यावी. वैद्यांनीं पाठाप्रमाणें औषध सिद्ध करावें. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनीं जुनाट दाहाचे रोगी दुर्बिणीनें तपासून, त्यांची लेखी संमति घेऊन निवडावे. चालू औषध कोणाचेंही बंद करूं नये, आणि अर्ध्यांस कुडा व अर्ध्यांस बनावट औषध कोणास काय दिलें हें न कळूं देतां द्यावें. अशा प्रयोगाची आगाऊ राष्ट्रीय नोंद इ. स. २००९ पासून आवश्यकच आहे. निकाल कुड्याच्या विरुद्ध गेला तरी तो मराठींत छापावा. सालीस खर्च असा फारसा नाहीं. तपासणीस जो येईल त्याचा कांहीं वांटा नव्या मोंढ्यांतील व गंजगोलाईंतील पेढ्यांनीं उचलावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.