जे लिहिलेले नाही, तेही वाचता यावे

गेल्या हंगामातली गोष्ट. बोईसरपासून थोड्या अंतरावरच्या एका पाड्यात वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसंबंधी बैठक घेतली होती. बैठक आटोपल्यावर एका शेतकरी बंधूंनी औषधाच्या बाटलीसोबत आलेले पत्रक माझ्यापुढे धरले. त्यांची सातवीतली मुलगी शेजारीच उभी होती. मी तिलाच वाचायला सांगितले. पोरीने ते घडाघडा वाचले. शेवटची फवारणी आणि तोडणी यांमध्ये ७ दिवसांचे अंतर ठेवावे, ही ओळही न अडखळता वाचली.

मी विचारले, “बाबांनी बुधवारी औषध मारलं, तर शनिवारी वांगी बोईसरला विकायला न्यायची का?”

तिने पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “साहेब, यात शनिवारचं काहीच लिहिलेलं नाही.”

खरेच नव्हते लिहिलेले! पण ती वांगी तोडली असती, तर औषधाचा अंश बोईसरच्या कामगारांच्या ताटात गेला असता, आणि त्याआधी हिच्याच घरच्या कालवणात. घरात वाचणारे माणूस असूनही.

लिहिलेल्या शब्दांना आपल्या माहितीची जोड देऊन न लिहिलेली गोष्ट ताडणे, यालाच अनुमान म्हणतात. धड्यातील ओळ शोधून उत्तर म्हणून उतरवली की मुलाला वाचन आले, असे आपण धरून चालतो. तेथेच चुकते. वास्तविक शेतकऱ्याचे मूल दिवसभर अनुमानेच काढत असते. या मुलीची आजी निरक्षर. पण उकरलेली माती आणि खुरांचे ठसे पाहून रात्री डुकरे कोठून आली, कोठे गेली, हे ती सांगते. नातीलाही ते कळते. कागद हाती आला की मात्र ही अक्कल बांधावरच राहते.

मुलाला जे ठाऊक आहे तेथून शिकवायला आरंभ करावा, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरांमागे रानात जात, म्हणून या बायांनी शाळाच रानात नेली. तिला कुरणशाळा म्हणत.

तीच वाट धरून मी एका कागदावर तीन वाक्ये लिहिली आणि जमलेल्या मुलांना वाचायला दिली : ‘सखू घरी आली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरले होते. इरले कोपऱ्यात ठेवून ती चुलीपाशी हात शेकत बसली.’

दिवस कोणते? “पावसाळ्याचे,” मुले ओरडली. कशावरून? येथे सगळी गप्प. मग एकाने ‘इरले’ या शब्दावर बोट ठेवले, दुसरीने ‘शेकत’वर. सखू कोठून आली? “आवण लावून,” मुले म्हणाली. एक मुलगा मात्र म्हणाला, “वाटेत घसरून पडली.” त्याला हसू दिले नाही. पडली असती तर चिखल कोठे लागला असता, एवढेच विचारले. तो विचार करून म्हणाला, “लुगड्याला.” कारखान्यातील कामगाराचा, बाहेरगावाहून आलेला एक मुलगा गप्प होता. त्याला इरले म्हणजे काय हेच माहीत नव्हते! अशा मुलाला मठ्ठ म्हणू नये, आधी वस्तू दाखवावी. उत्तर वारली बोलीत आले तरी ते उत्तरच.

शेवटी विचारले, सखूचे लग्न झाले आहे का? दोघे-तिघे लगेच ‘हो’ म्हणाले. कशावरून, म्हटल्यावर कोणाचेच बोट कागदावर टेकेना. ‘यावरून सांगता येत नाही’ हेही उत्तर असते, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. बोट टेकेल ते अनुमान, न टेकेल तो नुसता तर्कट.

आईबापांना अक्षर येत नसले तरी हे घरी जमते. मूल वाचत असताना मध्येच ‘हे कशावरून?’ एवढे विचारायचे. रोज एकदा पुरे. धडा, लग्नपत्रिका, खताच्या पोत्यावरचा मजकूर, काहीही चालेल.

मी निघालो, तेव्हा ती मुलगी पुन्हा पत्रक घेऊन बसली होती. बोटांवर दिवस मोजून बापाला म्हणाली, “या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी न्यायची.” मग जरा थांबून, “पण मधे पाऊस पडला तर पुन्हा मारायचं का, ते यात नाही. साहेबांना विचारा.”

मी गाडी थांबवली.